काहिलीपेक्षा नाजूक

मित्रांनो, मी एक जुने अस्तर आहे. कोटाचे नव्हे, एल्विनच्या रक्तवाहिन्यांचे. आईच्या पोटात त्याच्या हृदयाचा पहिला ठोका पडला, तेव्हा मी आधीच कामाला लागले होते. पेशींचा एकच पदर मी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. रक्त वाहते ठेवायचे, उगाच गोठू द्यायचे नाही, जास्त रक्त लागले की वाहिनी सैल करायची, हे सारे माझेच. गोडवे मात्र हृदयाचे. असो. धडधडणाऱ्याकडेच लोकांचे लक्ष जाते.

अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरात एल्विनचे मेपलच्या झाडांच्या गोड रसाचे गुऱ्हाळ. तरुणपणी तो झाडांचा रस गोळा करायला बादल्या घेऊन बर्फातून चढायचा, तेव्हा मलाही हुरूप यायचा. मग सिगारेट आली. धुराने मी विरत गेले, माझ्याखाली चरबी साचली. रस आटवायच्या काहिलीच्या तळाला जरा थर धरला की एल्विन ती लखलखीत घासायचा. माझी त्याला आठवणही नव्हती.

मार्चमधल्या एका दुपारी काहील रटरटत होती. त्याने बर्फावर गरम पाक ओतून खाल्ला, सोबत तिकडच्या रिवाजाप्रमाणे खारवलेली आंबट काकडी. थोड्याच वेळात छाती दाटली, डावा हात जड झाला. हृदयाच्या वाहिनीत मी एका जागी फाटले होते आणि तिथे रक्त गोठत होते.

“काकडी बाधली,” तो बायकोला म्हणाला.

“काकडी हातात चढते होय रे?” म्हणत व्हर्नाने अँब्युलन्स बोलावली.

गाडी दारात आली तरी गडी हलेना. उकळती काहील सोडली तर रस आटून पत्रा जळतो. एवढा पाक उतरू दे, मग येतो, हेच त्याचे पालुपद. व्हर्नाने वाद घातला नाही. टाकीतला सगळा थंड रस तिने काहिलीत सोडला. उकळी बसली, सकाळपासूनची मेहनत वाया गेली.

“आता काहील भरली, जळायची नाही. ऊठ.”

तो उठला.

दवाखान्यात डॉक्टरांनी अडलेली वाट मोकळी करून तिथे तारेची बारीक जाळी बसवली. पुढचे काम माझे. हळूहळू सरकत मी ती जाळी पांघरून टाकली. सिगारेट सुटली होती, म्हणून जमले.

पुढच्या मार्चला काहील पुन्हा रटरटली. एल्विनने काकडीचा तुकडा मोडला.

“कुठवर पोचली?” व्हर्नाने विचारले.

“पोटातच आहे, बाई.”

मित्रांनो, काहील घासता येते, मला नाही. मला घासूही नका. धूर तेवढा आत पाठवू नका, रोज थोडे चाला. बाकीचे मी बघते.