चार नंबर खोलीची पलटण

एका विमा कंपनीला आपल्या वार्षिक मेळाव्यात रोमन सैन्य हवं होतं. का, ते विचारायचं नसतं. आखातातल्या झल्लाकच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये माझी मुलगी ग्लॅडिस असे मेळावे सांभाळते. गिऱ्हाइकाने उद्या नोहाचं तारू मागितलं, तरी फक्त तारीख आणि जनावरांची संख्या विचारायची, असा तिथला रिवाज आहे.

सैन्य पुरवणाऱ्या कंत्राटदाराने आठवडाभर आधी फोन उचलणं सोडलं. ग्लॅडिसच्या प्रोबेशनचे तेव्हा दहा दिवस उरले होते. मेळावा फसला तर नोकरी पक्की नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही, म्हणजे बॅगा भरून वसई. माझं काही नव्हतं. मी व्हिजिटवर आलेला निवृत्त माणूस. वसईचे डास मला नावाने ओळखतात. पण ही नोकरी तिने दोन वर्षं शोधली होती.

"डॅडी, बत्तीस सैनिक कुठून आणू?"

"पूर्वीचे राजे गावोगाव निरोप धाडत. घरटी एक माणूस, आणि शस्त्र ज्याचं त्याने आणायचं."

"डॅडी, प्लीज. सिरियस व्हा."

मी सिरियसच होतो. रिसॉर्टच्या एसीचे डक्ट सलमाबादला रहिमतुल्ला शेठच्या वर्कशॉपमध्ये बनतात, आणि तिथला फोरमन गणपत, मंडणगडचा, माझ्याशी गप्पा मारायला कधी कंटाळत नाही. असा माणूस दुर्मीळ. शेठची परवानगी घेऊन आम्ही त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलो.

गणपतने मोबाइलवर ढालीचं चित्र पाहिलं. "हा तर डक्टच आहे, मॅडम. तीन बाजू काढून टाकल्यात."

"आणि माणसं?"

"राहायच्या चार खोल्या, दोन ते पाच नंबर, खोलीत आठ. शुक्रवारी सगळे मोकळे. पण विचारून घेऊ. हुकूम नाय करायचा."

विचारलं. बत्तीसच्या बत्तीस तयार झाले. त्यातल्या दोघांनी फक्त एवढंच विचारलं, की युद्ध कुणाशी आहे.

शुक्रवारपर्यंत शस्त्रागार उभं राहिलं. जीआय पत्र्याच्या लाल रंगवलेल्या ढाली, सेफ्टी हेल्मेट, आणि त्यावर तुरा म्हणून गाडी धुवायचे ब्रश. जुन्या रोममध्ये ज्याच्या घरी चांगलं चिलखत तो पुढच्या रांगेत उभा राही, फाटका माणूस गोफण घेऊन मागे. इथे नवे सेफ्टी शूज पुढे, चपला मागे. दोन हजार वर्षांत एवढाच फरक पडला.

ग्लॅडिसने ते मोडून सैन्य उंचीप्रमाणे लावलं. दिसायला झकास. "यल्ला, मार्च!" म्हटल्याबरोबर दुसऱ्या रांगेने पहिलीच्या टाचा तुडवल्या, तिसरी डावीकडे वळली, चौथी चहाच्या टपरीकडे. पत्र्यावर पत्रा आपटून असा आवाज झाला की शेजारच्या गोदामातली माणसं बाहेर आली. अर्ध्या तासाने ग्लॅडिस उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. डोळे पुसत नव्हती, म्हणजे पुसायची गरज होती.

गणपत जवळ आला. "मॅडम, रागवू नका. यांना खोलीनं उभं करा."

"म्हणजे?"

"चार नंबरवाले एकत्र, पाच नंबरवाले एकत्र. हा स्वरूप झोपेत कुठल्या कुशीवर वळतो ते बाजूच्या खाटेवाल्याला ठाऊक आहे. दोन नंबरवाल्याला कसं कळणार?"

मी पुढचं सांगितलं. रोमन सैन्यात हेच होतं. आठ जणांचा एक तंबू, एक जातं, सामान वाहायला एक खेचर. एकत्र दळायचं, रांधायचं, एकत्रच लढायचं. अशा दहा तंबूंची तुकडी. तिला शंभरांची म्हणत, माणसं ऐंशी असत.

"कंपनी म्हणजे पहिल्यापासून कंपनीच," गणपत म्हणाला.

खोलीप्रमाणे उभे केल्यावर सैन्य चाललं. कदम मिळाले असं नाही. पण चुकले ते आठ-आठ एकदम चुकले, आणि तेवढ्याने शिस्त दिसते.

दुपारी आम्हाला चार नंबर खोलीत जेवायला बसवलं. भिंतीवर स्वयंपाकाच्या पाळीचा कागद, आठ नावं. बांगड्याची आमटी आणि भात. ग्लॅडिसने दोनदा वाढून घेतला. शहराच्या सीफ भागातल्या थंडगार हॉटेलांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं.

"पाळी चुकली तर?" तिने कागद बघून विचारलं.

"चुकत नाय. बदली पण चालत नाय. ज्याची पाळी त्याचा हात."

"बॅबिलोनच्या राजाचाही हाच कायदा," मी म्हणालो. "मोहिमेवर स्वतः न जाता भाड्याचा माणूस पाठवला तर मृत्युदंड. वर घर त्या भाडोत्र्याला."

"आम्ही फक्त भांडी घासायला लावतो," स्वरूप म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी किनाऱ्यावर दोनशे पाहुणे, पांढऱ्या चादरींची टेबलं, मधोमध जेवणाच्या भांड्यांची लांब रांग. सैन्य खजुरींमागे तयार. ग्लॅडिसचा मॅनेजर वॉरन घड्याळाकडे बघत होता. आणि उत्तरेचा वारा सुटला.

आधी नॅपकिन उडाले, मग फुलं, आणि मग वाळू सरळ बिर्याणीच्या दिशेने निघाली. वेटर झाकणांमागे धावले. ग्लॅडिसचा चेहरा मी पाहिला. त्यावर वसई दिसत होती.

खजुरींमागून गणपतचा आवाज आला, "चार नंबर, पत्रा आडवा! पाच नंबर, डावीकडून! जेवण धरा!"

ज्याने वाऱ्यात उंच छतावर आयुष्यभर पत्रे चढवले आहेत, त्याला वारा कुठून येणार ते मानेवरच्या केसांनी कळतं. बत्तीस माणसं धावली. खोली नंबर चारने ढालीला ढाल लावली, कडा कडेवर चढवली, पाच नंबरने वरून छप्पर धरलं, बाकीच्यांनी दोन्ही टोकं बंद केली. वाळू पत्र्यावर ताशासारखी वाजली. आत बिर्याणी सुखरूप. वारा पडेपर्यंत एक ढाल हलली नाही.

पाहुणे उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं, कार्यक्रमच असा आहे. विमा कंपनीच्या साहेबांना भरूनच आलं. संकट येण्याआधी हजर झालेलं संरक्षण त्यांनी बहुधा प्रथमच पाहिलं.

वॉरन धावत आला. "फँटॅस्टिक! ही फॉर्मेशन तुझी आयडिया?"

ग्लॅडिसने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"नो, सर. गणपत आणि त्याच्या माणसांची. मी तर त्यांना उंचीप्रमाणे लावत होते."

वॉरनने पुन्हा घड्याळ पाहिलं. "मग त्यांना पार्सल देऊन बसमध्ये—"

"बसमध्ये नाही, सर. टेबलावर. आठ-आठ."

आणि बत्तीस रोमन तुरे काढून टेबलांवर बसले. बिर्याणीत एक खडा लागला नाही.

नोकरी पक्की झाल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. शुक्रवारी ग्लॅडिस हॉटेलातला तीन मजली केक घेऊन सलमाबादला गेली, सोबत मी. आभाराचं भाषण तिने गाडीत तीनदा पाठ केलं होतं. चार नंबर खोलीत ती "तुम्ही नसता तर" एवढंच म्हणाली आणि केक पुढे केला.

"केक ठेवा तिथे," गणपत म्हणाला. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "आमच्या भांड्यात जेवलात ना, ताई?"

कागदावर आठ नावांखाली नववं होतं: ग्लॅडिस. पुढे आजची तारीख. गणपतने तिला ताई म्हटलं होतं, पण तिचं लक्ष तारखेवर होतं.

"मला बांगडा साफ करता येत नाही," ती कुजबुजली. "हॉटेलचा शेफ पाठवू?"

"बदली मफी! चालत नाय!" आठही जण एकदम ओरडले.

तिने बाह्या वर केल्या. चष्मा लावून मी कागद पुन्हा वाचला. दहावं नाव माझं होतं.

"माझं कशाला?"

"काका, तुम्हीच म्हणालात ना, तंबूला एक खेचर लागतं," स्वरूप म्हणाला आणि कांद्याची पाटी माझ्यापुढे सरकवली.

एवढ्या वर्षांत मला बऱ्याच जागांवर नेमलं गेलं. इतक्या योग्य जागी कुणी नेमलं नव्हतं. मी मुकाट्याने कांदे सोलायला बसलो. पलीकडे ग्लॅडिस पातेल्यावर वाकून विचारत होती, "मीठ किती घालू?" आणि आठ जण तिला आठ वेगवेगळी मापं सांगत होते.