गाडी पसंत नाही

थेरगावात जुन्या घराण्यातला माणूस एकटा जाऊन जुनी गाडी घेत नाही. घेतली तर त्याला कोणी विचारत नाही असा अर्थ होतो. चार माणसं बरोबर न्यावी लागतात, त्यांत एक जाणकार असावा लागतो, आणि जाणकार म्हणजे बॉनेट उघडल्यावर सगळ्यांच्या आधी "हं" म्हणणारा. दिग्विजयचा जाणकार होता गणराज. याचा धंदा प्लॉट दाखवण्याचा. गाडीतलं त्याला एवढंच कळायचं, की डिझेल कुठल्या बाजूनं भरतात. तरी गेले कित्येक रविवार विजयश्रीचं पुढचं सगळं या माणसाच्या "हं"वर अडून बसलं होतं, आणि त्या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

विजयश्री ही दिग्विजयची बायको. चिंचवडच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती. कंपनीनं राजगुरुनगरच्या पुढं नवा प्लांट काढला होता आणि तिथली तपासणीची लॅब उभी करायला तिला दहा महिन्यांसाठी पाठवायचं ठरलं होतं. दहा महिने काढले की परत चिंचवडला, तेही लॅबची प्रमुख म्हणून. एक तारखेला सकाळी सातला तिथं हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला. कंपनीची बस चाकणच्या पुढं जात नव्हती. रोजची जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या घरात जाणारी रपेट, तीही थोड्या दिवसांची. तिला हवी होती एक लहान, जुनी, सीएनजीवर चालणारी, कटकट न करणारी गाडी. दहा महिने वापरायची आणि विकून मोकळं व्हायचं. यात न कळण्यासारखं काय होतं?

पण सासर पडलं जुनं गाववाल्यांचं. सासरे बबनराव यांच्या शेतात इमारती उगवल्या, भाडी येऊ लागली, आणि भाडी येतात म्हणून घरातले पुरुष आपोआप कर्तबगार झाले. दिग्विजय सकाळी दहाला उठायचा, पांढरे कपडे घालायचा आणि पांढरी स्कॉर्पिओ घेऊन डांगे चौकात जाऊन उभा राहायचा. तिथं काय करायचा हे लग्नाला सहा वर्षं होऊनही विजयश्रीला समजलेलं नव्हतं. बहुधा त्यालाही समजलेलं नसावं.

"जा की, मी कुठं नाही म्हणतोय?" तो म्हणाला होता. "फक्त गाडी मी निवडणार. आपल्या दाराला शोभली पाहिजे."

मग रविवार सुरू झाले. स्कॉर्पिओत पुढं दिग्विजय आणि गणराज, मधे बाकीचे तिघं, आणि जिला गाडी चालवायची ती मागच्या सीटवर, पाय आखडून. मोशीची गाडी सगळ्यांना आवडली, पण नंबरची बेरीज आठ आली, आणि आठ म्हणजे शनी. निगडीच्या गाडीत सीएनजीच्या टाकीनं डिकी भरलेली. "मग सामान कुठं ठेवायचं?" गणराजनं विचारलं. डब्याची पिशवी आणि पर्स एवढंच आपलं सामान आहे, हे विजयश्रीनं सांगितलं, पण तिच्याकडं कोणी बघितलंही नाही. आकुर्डीची गाडी उंचीला कमी पडली. चिखलीची दिसायला टॅक्सीसारखी होती.

"आणि सीएनजी म्हणजे लाइन आली," दिग्विजय म्हणाला. "आपल्या घरची बाई गॅसच्या लायनीत उभी राहणार? लोक तोंडात शेण घालतील."

प्रत्येक ठिकाणी हे पाचजण गाडीभोवती फिरायचे, दार आपटून बघायचे, टायरला लाथ मारायचे, चहा मागवायचे. एकाच हातची आहे का, कुठं ठोकली होती का, रंग मूळचा का? सहा वर्षांपूर्वी हीच टोळी विजयश्रीला बघायला जुन्नरला आली होती, तेव्हाही यांनी असंच चहूकडून बघून घेतलं होतं आणि पोहे मात्र दोन-दोन बशा खाल्ले होते. निदान तेव्हा नंबरची बेरीज केली नव्हती.

एक तारीख जवळ आली तसे ते ताथवड्याला गेले. तिथल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या बुद्धरत्न यांची नऊ वर्षांची वॅगनआर विकायला होती. रंग राखाडी, सीएनजी कंपनीतूनच बसवलेला. त्यांची बायको दीक्षा ती रोज तळेगावला घेऊन जायची. आता तिची बदली घराजवळ झाली होती.

गणराजनं बॉनेट उघडलं आणि "हं" म्हटलं. मग सीएनजीच्या नळीकडं बोट दाखवून विचारलं, "हे एसीचं का?"

बुद्धरत्न सभ्य माणूस. ते हसले नाहीत. दीक्षा मात्र सरळ विजयश्रीकडं आली. "चालवणार तुम्हीच ना? मग तुम्ही घेऊन बघा की एक चक्कर."

एवढ्या रविवारांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. दरवेळी चक्कर मारायचा तो दिग्विजय, नाहीतर गणराज. माहेरी असताना विजयश्री टोमॅटोचा पिकअप घेऊन नारायणगावच्या बाजाराला जायची, पण थेरगावात ही गोष्ट सांगण्यासारखी मानली जात नसे. ती स्टिअरिंगवर बसली, कॉलेजला वळसा घालून आली. क्लच हलका, ब्रेक जागच्या जागी, इंजिन गप्प. आपलं काम करणारी आणि त्याचा गवगवा न करणारी वस्तू तिला फार दिवसांनी भेटली होती. तिला ती गाडी मनापासून आवडली.

"नको," दिग्विजय म्हणाला. "मास्तरणीची गाडी वाटते."

"मास्तरणीचीच आहे," दीक्षा म्हणाली.

परतताना गाडीत हास्याचा कल्लोळ चालला होता. विजयश्रीनं मागून विचारलं, "मग आता कधी बघायची? चारच दिवस राहिलेत."

गणराज मान वळवून, अगदी मोकळेपणानं म्हणाला, "वहिनी, कशाला टेन्शन घेता? एवढी एक तारीख उलटू द्या. सगळं आपोआप मिटतंय. काय शेठ?"

शेठ आरशात बघून हसले. बाकीचे तिघंही हसले. तिच्यापासून लपवावं एवढीही किंमत त्यांनी तिला दिली नव्हती.

तेव्हा कुठं तिला उमगलं, की हे गाडी शोधतच नव्हते. नाही म्हणायला लागतो तेवढा दमही नवऱ्याच्या अंगात नव्हता, म्हणून तो रविवारमागून रविवार नाकं मुरडत हिंडत होता. राग आला, पण त्याहून जास्त आली किळस. या माणसाला आपण इतके दिवस निदान मूर्ख समजत होतो, आणि तो मूर्खही नव्हता, याचं तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून ती एकटीच ताथवड्याला गेली. स्वतःच्या साठवलेल्या पैशातून गाडी घेतली. कागदांवर सह्या झाल्या, दीक्षानं आतल्या आरशाला बांधलेला जुना रुमाल सोडून घेतला आणि म्हणाली, "पंपावर सकाळी सहाच्या आत जा, गर्दी नसते." अशी एकच कामाची गोष्ट तिनं सांगितली. गेल्या महिनाभरात त्या पाचजणांच्या तोंडून तेवढीही निघाली नव्हती.

संध्याकाळी वॅगनआर दारात आली तेव्हा बबनरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सासू कौशल्याबाई पायरीवर लसूण सोलत होत्या. दर रविवारी त्या टोळीला मुकाट्यानं चहा करून देणारी ही बाई विजयश्रीनं केव्हाच त्यांच्याच बाजूला मोजली होती. त्यांनी गाडीकडं एकदा बघितलं आणि पुन्हा लसणाकडं वळल्या. दिग्विजय गाडीला वळसा घालून वर निघून गेला. विजयश्रीला वाटलं, चला, निदान हरल्याचं त्याला कळलं.

एक तारखेला सकाळी साडेपाचला ती डबा घेऊन खाली आली आणि जागच्या जागी थांबली. फाटकाच्या तोंडावर, वॅगनआरला अगदी चिकटून, स्कॉर्पिओ आडवी लावलेली होती. नेहमी ती रस्त्यापलीकडच्या पत्र्याखाली असायची. तिनं दिग्विजयला फोन लावला. वरच्या खोलीत रिंग वाजली आणि कट झाली. पुन्हा लावला, पुन्हा कट झाला. वर गेली, तर ती उतरल्यावर त्यानं आतून कडी लावून घेतलेली; दार ठोठावलं, तर घोरण्याचा आवाज आला. घोरणंसुद्धा त्याला धड जमत नव्हतं.

ती खाली आली, वॅगनआरमध्ये बसली आणि हॉर्नवर हात ठेवला. उचललाच नाही. समोरच्या इमारतीत दिवे लागले. भाडेकरू दात घासत घासत गॅलरीत आले. रात्रपाळीहून आलेला कोणी मोबाईल काढून शूटिंग करू लागला. लाज वाटायची ती तिला वाटेना. भीती मात्र वाटत होती. सात वाजता तिथं पोचलो नाही, तर उरलेलं आयुष्य या फाटकाच्या आतच जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात कौशल्याबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, मुठीत स्कॉर्पिओची चावी.

"उशीखाली घेऊन निजला व्हता, म्या कडी काढाय लावली," त्या म्हणाल्या. "चाळीशीला आलाय. घे. काढ ते धूड बाजूला."

विजयश्रीला त्या गाडीला हात लावायची परवानगी कधीच नव्हती. तिनं ती सुरू केली, एका झटक्यात मागं घेतली आणि पत्र्याखाली नेऊन लावली. गॅलरीतून कोणीतरी शिट्टी वाजवली. वरच्या खिडकीचा पडदा हलला, पण उघडला नाही.

तिनं चावी सासूपुढं धरली. कौशल्याबाईंनी घेतली नाही.

"पर्समधी ठेव. हितं ठिवलीस तर उद्या पुन्यांदा आडवी लावील."

"अहो आई, पण दिवसा त्यांना कुठं जायचं असलं तर?"

कौशल्याबाईंनी मान वर करून त्या पडद्याकडं बघितलं. आवाज मुळीच खाली आणला नाही.

"त्याला कुठं जायाचं असतंय गं?"

विजयश्रीनं चावी पर्समध्ये टाकली आणि गाडी फाटकाबाहेर काढली. भोसरीच्या पुढं पंपावर तिच्या आधी तीनच रिक्षा होत्या.