कोणाचंही घे

चंद्रभानने भाकरीचा तुकडा वरणात बुडवून आईच्या तोंडाशी नेला. धुरपताने तोंड फिरवले. परवापासून हेच चालले होते.

“माय, एक घास. माह्यासाठी.”

“तुह्याचसाठी तं झालं सारं,” ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून बसली.

परवा वर्ध्याहून सर्वोदयवाले भैयाजी आले होते. हिरोशिमाला दहा वर्षे झाली, म्हणून रोहण्याच्या शाळेत त्यांनी तिथली चित्रे लावली. गावाने एक दिवस उपास करावा, सूत कातावे आणि अणुबॉम्ब हे पाप आहे असे हात वर करून म्हणावे, असा बेत होता. रोहणा उपासाला कधी मागे हटत नाही. निम्म्या गावाने सकाळीच साबुदाणा भिजवला. धुरपताही टकळी घेऊन गेली. एका चित्रात पाठीवर लेकरू बांधलेली बाई होती. दोघांची कातडी लोंबत होती. धुरपताने चित्रावर हात ठेवला आणि हे कधी झाले म्हणून विचारले. पंचेचाळीस सालच्या आषाढात, भैयाजी म्हणाले.

त्याच आषाढात, आखाडीच्या पूजेला, तिने निंबाखालच्या मातामायपुढे पदर पसरला होता. सिंगापूर पडल्यापासून चंद्रभान जपान्यांच्या कैदेत होता. तीन वर्षे ना चिठ्ठी ना निरोप. ‘माहा एक वापस दे. बदल्यात कोणाचंही घे,’ ती म्हणाली होती. महिना उलटायच्या आत लढाई थांबली. पोरगा घरी आला तेव्हा तिने देवीची ओटी भरली, नारळ फोडला आणि नवस फिटला असे समजून चालली. देवीने आपला मोबदला आधीच, दुसऱ्याच मुलखातून वसूल केला होता, हे तिला परवा कळले.

आज तिसऱ्या दिवशी तिने अन्न सोडल्याची बातमी कानावर येताच भैयाजी सुताचा हार घेऊन ओसरीत हजर झाले.

“सगळ्या गावाने एक दिवस केला, माय. तुम्ही तिसरा दिवस काढताय!”

“तिचा उपास तुमच्यावाला नाई, भैयाजी,” चंद्रभान म्हणाला आणि त्याने नवसाचे सारे सांगितले.

भैयाजींचा हार हातातच राहिला. ते खाली बसले. धुरपताने पहिल्यांदाच भिंतीकडून मान वळवली.

“तो बॉम पडला नसता तं, भैयाजी?”

“लढाई तशीही संपलीच असती. जपान थकला होता, माय. एवढी लेकरं जाळायची गरज नव्हती.”

“कवा संपली असती?” चंद्रभानने विचारले. “आमच्याच हातानं आमचा खड्डा खोदून घेतला होता त्यायनं. आमाले मारून तो भराचाच बाकी होता. तुमची लढाई आठ दिवसांत संपणार होती का महिन्याभरात, तेवढं सांगा.”

 भैयाजी प्रामाणिक माणूस होते.

“ते मला नाही सांगता येणार. पण पाप ते पापच, चंद्रभान.”

“मी कुठं पुण्य म्हणतो? मी जिता आहो, एवढंच म्हणतो.”

खड्ड्याचे नाव त्याने दहा वर्षांत घरात कधी काढले नव्हते. धुरपता त्याच्याकडे बघत राहिली. मग भिंतीचा आधार घेऊन उठली.

“मातामायपाशी जातो. शब्द वापस घ्याले.”

“अन् मंग मी?” चंद्रभानने विचारले. त्याला हसत विचारायचे होते, ते जमले नाही.

 भैयाजींच्या हातातला हार तिने घेतला आणि पायऱ्या उतरली. चंद्रभान मागोमाग गेला, पण निंबाच्या अलीकडेच थांबला. शेंदराच्या दगडांवर हार ठेवून ती उभी राहिली.  ओठ हलत होते. काय म्हणते ते त्याला ऐकू येत नव्हते, आणि जवळ जायची त्याची छाती झाली नाही. सैन्यात गेलेला, कैदेतून आलेला माणूस तो, आईच्या पाठीला भ्यायला.

दिवेलागणीला ती घरी आली आणि चुलीपाशी सुनेसमोर बसली.

“वाढ वो, आनंदा.”

सुनेने भरभर दोन ताटे वाढली. धुरपताने भाकर कुस्करली.

“घेतला वापस?” चंद्रभानने विचारले.

“घ्यालेच गेलतो. तोंड उघडलं अन् तुह्या खड्ड्याचं ध्यान आलं.” तिने घास तोंडात घातला.  “मंग तवा मांगतलं तेच मांगतलं. जसंच्या तसं.”

रडत रडतच ती जेवत होती. वरण संपले तेव्हा तिने आणखी मागून घेतले.

“तू बी खाय,” ती म्हणाली.

चंद्रभानने आपले ताट बाजूला सारले.