आनंदाचा कोपरा

“अजून उजवीकडे घे,” स्टीअरिंगवर बसल्या बसल्या भगवान ओरडला.

बसच्या मागे शिडीवर चढलेल्या भूपेशने कॅमेरा बोटभर वळवला. भगवानच्या समोरच्या छोट्या पडद्यावर बदलापूरचं ते मोकळं मैदान सरकलं आणि डावीकडची कुंपणाची भिंत दिसेनाशी झाली.

“आता?”

“अजून थोडं.”

भूपेश शिडीवरून उतरून थेट ड्रायव्हरच्या दाराशी आला. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. एवढ्याशा कामाला ही म्हाताऱ्याची बस सबंध दुपार खाणार, हे त्याला ठाऊक असतं तर तो आलाच नसता.

“काका, कॅमेरा सेंटरला पाहिजे. काचेच्या वर, थोडा झुकवून. मग बंपर पण दिसतो, दोन्ही साइड पण. तुम्ही सांगता तसा लावला तर लेफ्ट साइड पूर्ण गायब. तिकडून कोणी आला तर?”

“डावीकडचं मी बघतो.”

“कसं बघणार? तुम्ही तर एसटीचे ड्रायव्हर होते. तुम्हाला मी काय शिकवू?”

कळत भगवानलाही होतं. पण त्याला डावी बाजू नको होती, उजवा कोपरा हवा होता.

विठ्ठलवाडी डेपोत भगवान ड्रायव्हर आणि आनंदा कंडक्टर. ड्युट्या बदलल्या, साहेब बदलले, ही जोडी मात्र कोणालाच फोडता आली नाही. जन्मभर लोकांना देवाधर्माला पोचवलं, आता आपण जायचं, असं ठरवून दोघांनी रिटायर झाल्यावर ही जुनी बस घेतली. आत दोन बर्थ, एक शेगडी, एक कपाट. सांची, सारनाथ, बुद्धगया. पडद्यांचं कापड आनंदाने निवडलं होतं, गर्द केशरी, त्यावरून भगवानने त्याची यथेच्छ टर उडवली होती. पडदे शिवून आले, आणि ते टांगायच्या आत आनंदा एका पहाटे झोपेतच गेला.

भगवानच्या लेकीने, स्वप्नालीने, पुण्याहून फोनवर निक्षून सांगितलं होतं, “बाबा, बस विकून टाका. आणि एकटेच जाणार असाल तर आधी मागे कॅमेरा बसवा. नाहीतर मी येऊन चावी घेऊन जाईन.” म्हणून कॅमेरा. उद्या सकाळी निघायचं होतं. एकट्याने निघणं जमेल की नाही, याचीच भगवानला धास्ती होती, आणि ती लेकीला सांगण्यासारखी नव्हती.

एसटीत एक शिस्त असते. गाडी मागे घ्यायची तर कंडक्टरने खाली उतरायचं, ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यावर आरशात दिसेल असं उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची. शिट्टी चालू, गाडी मागे. शिट्टी बंद, ब्रेक. आनंदा तर अशी वाजवायचा की स्टँडवर पसरलेली कुत्रीसुद्धा उठून जागा करून देत. खरं सांगायचं तर सगळ्या नोकरीत भगवानने मागचा रस्ता कधी पाहिलाच नाही. तो आनंदाला पाहायचा.

आता आरशात तो कोपरा दिसत नव्हता. बसच्या उजव्या अंगाला गुंडाळलेल्या ताडपत्रीची पेटी आड येत होती. सावलीत खुर्च्या टाकून चहा प्यायला ताडपत्री हवीच, हा हट्टही आनंदाचाच.

भूपेश पुन्हा चढला. पडद्यावर वाळलेल्या गवताचा एक तुकडा आला.

“बस. तिथंच.”

“इथं काय आहे, काका? मोकळी जमीन आहे.”

“असू दे.”

“ठीक आहे. घ्या मागे, चेक करू.”

भगवानने रिव्हर्स टाकला. पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा उमटल्या. मागे चिटपाखरू नव्हतं. इंजिन घुरघुरत राहिलं, पण क्लचवरचा पाय काही उठेना.

“सगळा क्लिअर आहे! या, या!”

भगवानने गाडी न्यूट्रलला आणली, हँडब्रेक ओढला आणि तो खाली उतरला. खिशातून त्याने विटक्या दोरीची शिट्टी काढली. आनंदाच्या बायकोने, गयाबाईने, ती त्याच्या हातात ठेवली होती. ‘तुमच्याकडंच राहू द्या, भाऊजी. घरात आता कोण वाजवणार?’

“त्या कोपऱ्यावर उभा राहा,” तो भूपेशला म्हणाला. “वाजवत राहा.”

भूपेश हसला. मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. शिट्टी शर्टाला पुसून तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. पडद्यावर चौकड्यांचा शर्ट दिसला. शिट्टी अगदीच लेचीपेची वाजली, पण बस मुकाट्याने मागे आली आणि शिट्टी थांबताच थांबली.

“शिट्टीवरच चालवायची तर कॅमेरा कशाला, काका?”

“कोणी उभं आहे का, ते दिसायला नको?”

भूपेशने शिट्टी पुन्हा शर्टाला पुसली. शिट्टी परत देताना हळूच म्हणाला, “सेंटरला लावला तरी तो कोपरा दिसतोच. बारीक दिसेल, इतकंच.”

“बारीक?”

“बारीक. पण दिसेल.”

“मग सेंटरलाच लाव,” भगवान म्हणाला.

सकाळी त्याने दोन्ही बर्थवर चादरी घातल्या, केशरी पडदे टांगले आणि इंजिन सुरू केलं. मैदानातून बारवी रोडवर निघायचं तर गाडी मागेच घ्यावी लागत होती. रिव्हर्स टाकताच समोरचा कॅमेऱ्याचा पडदा उजळला. बंपर, दोन्ही बाजू, रस्ता, सगळं स्वच्छ दिसत होतं. एका कडेला बारीकसा तो कोपरा, रिकामा.

भगवान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग गाडी न्यूट्रलला आणून, हँडब्रेक ओढून तो उतरला, चालत मागे गेला, त्या कोपऱ्यावर पाय रोवून उभा राहिला आणि छाती भरून शिट्टी वाजवली. दोनदा, तीनदा.

मागच्या चाकाला टेकून झोपलेलं एक कुत्रं बसखालून बाहेर आलं, आळस देऊन भिंतीकडे निघून गेलं.

“चल रे,” भगवान म्हणाला, आणि पुढे जाऊन स्टीअरिंगवर बसला.