मळीचा टँकर

गेवराईपासून दोन कोसांवरच्या त्या शाळेत दुष्काळी साली पाणी यायचं ते साखर कारखान्याच्या टँकरनं. हंगामात त्याच टँकरमधून उसाची मळी जायची, काळी, चिकट, आंबूस वासाची. उन्हाळा लागला की टाकी तीनदा विसळायची, वर ‘पिण्याचे पाणी’ असं रंगवायचं, झालं काम. विज्ञानाचे भारत सर ते पाणी नाक दाबून प्यायचे आणि घोटागणिक मनातल्या मनात चेअरमनचा उद्धार करायचे.

चेअरमन म्हणजे सर्जेरावदादा. कारखाना कागदावर सभासदांचा, एरवी त्यांचा. शाळेची संस्थाही त्यांचीच. चार वर्षं तात्पुरते राबलेल्या भारत सरांना कायम करायचं की घरी धाडायचं, हे त्यांच्या सहीवर होतं. आज सातवीचा तास बघून ते सही करणार होते.

दादा मागच्या बाकावर फतकल मारून बसले. मांडीवर सरांची फाईल, तोंडात तंबाखूचा तोबरा. पिंक टाकायला हेडमास्तर कचऱ्याचा डबा धरून शेजारी उभे. बी.एस्सी. बी.एड. झालेला माणूस. सरांना दोघांचीही सारखीच किळस आली.

धडा अणूचा होता. सरांनी पेलाभर पाण्यात लाल औषधाचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, दोन खडे टाकले. पाणी गडद जांभळं झालं. त्यातलं थोडं दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यात, दुसऱ्यातलं थोडं तिसऱ्यात, असं करत ते चौथ्यापर्यंत गेले. तिथंही गुलाबी झाक होतीच.

“एवढ्याशा खड्यात किती अणू असतील बघा,” सर म्हणाले. “कितीही विसळा, थोडे राहतातच.”

पहिल्या बाकावरची रतन उठली. सरांचा शब्द म्हणजे तिला शेवटचा.

“सर, मंग टँकरला तर तीनदाच इसळत्यात. मळीबी ऱ्हातच आसंल की त्यात. आमी तीच पेतो न्हवं?”

चार वर्षांत एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. सरांचा ऊर भरून आला, आणि मग त्यांची नजर मागच्या बाकावर गेली.

दादा हसत होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “पोरगी लई हुशार हाय. सांगा गुर्जी, मळी ऱ्हाती का जाती?”

“जाते,” सर म्हणाले. “टँकर लोखंडी असतो. लोखंडाला मळी धरत नाही.”

दादांनी सही ठोकली, डब्यात पचकन थुंकले आणि बाहेर जाऊन जीपमधल्या थर्मासातलं गार पाणी घटाघटा प्याले. खिडकीतून सर बघत राहिले. आता त्यांना दादांची किळस येईना. स्वतःच्या तोंडाचीच येत होती.

रतननं वही उघडली. “सर, नियम आसा लिवू का? कितीबी इसळलं तरी अणू ऱ्हातेत, टँकर सोडून.”

“लिही.”

“परीक्षेला ह्योच लिवायचा ना?”

“हो.”

“मंग फळ्यावर लिवा की सर, समद्यान्ला दिसंल.”

सरांनी खडू घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.