टोपी उजव्या हातानं

पाऊस आला की लोक मॅच बघायची सोडतात. ठिणगीच्या घरी उलटा कारभार. खेळ चालू असेपर्यंत टीव्हीकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. थेंब पडले, खेळाडू आत पळाले की आजोबा खुर्ची पुढे ओढायचे. "चला, आपली मॅच सुरू!" कारण मग खेळपट्टीवर कव्हर ओढायला वीस-बावीस माणसं धावत यायची आणि त्यातले एक तिचे बाबा असायचे.

मैदान बसनं अर्ध्या तासावर. खिडकीत पाऊस आला की पाच-दहा मिनिटांत तो टीव्हीतही यायचा. बाबांची जागा ठरलेली, मोठ्या कव्हराचा मागचा कोपरा. कव्हर अंथरून झालं की ते कॅमेऱ्याकडे तोंड करायचे आणि डाव्या हातानं टोपी काढून परत घालायचे. डावखुराच माणूस. ही खूण घरासाठी. आजोबा त्याच मैदानाचे जुने मुकादम. खूण दिसली की तेही बसल्या जागी टोपी काढायचे, डोक्यावर नसली तरी.

ठिणगी हे नाव आजोबांनीच ठेवलेलं आणि सतरा वर्षांत पोरीनं त्याला कधी कमीपणा आणला नव्हता. शाळेत दोन महिने ती गेलीच नव्हती, मैत्रीण तिच्या नावानं 'हजर' म्हणायची. पकडली गेली तेव्हा माफीचं पत्र मागितलं, तर हिनं तडकून दप्तरच खिडकीतून खाली फेकलं. ती शाळा तिथंच संपली. "शाळा सोडलीस ते सोडलीस," बाबा म्हणाले होते, "पण माझ्या घरात खोटं चालणार नाही." मग महिनाभर अबोला. मीठ हवं असलं तरी आईच्या मार्फत मागायचे. तो महिना ती विसरली नव्हती.

म्हणूनच आज सकाळपासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. एरवी मळकी पँट घालून जाणारा माणूस आज इस्त्रीचा शर्ट घालून आरशासमोर उभा.

"चिखलात लोळायला इस्त्री?"

"मोठे साहेब येणारेत."

"आणि रेनकोट?"

"कालच ठेवून आलोय तिकडे."

पिशवी उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं.

"डबा आहे," बाबा म्हणाले.

डबा आईच्या हातात होता.

खालच्या मजल्यावरचा घड्याळजी असाच एकदा इस्त्रीचा शर्ट घालून, साहेबांना भेटायला म्हणून गेला होता. त्याला तीन वर्षं झाली. त्याची बायको अजून जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडते. ठिणगीच्या डोक्यातून तो शर्ट काही जाईना.

साडेअकराला पाऊस आला. आई खिडकीशी मशीनवर गणवेशाच्या बाह्या जोडत होती, ठिणगी खाली बसून त्याच गणवेशांना बटणं लावत होती. टीव्हीत माणसं धावत आली आणि आईचं मशीन थांबलं.

"कुठंय रे माझा ढाण्या?" आजोबा डोळे बारीक करत म्हणाले.

"तो काय, पिवळ्या रेनकोटात," आई म्हणाली. लगेच म्हणाली. जरा जास्तच लगेच.

रेनकोट बाबांचाच होता. पाठीवर आईनं लावलेलं काळं ठिगळ लांबूनही दिसत होतं. पण हा रेनकोट बाबांच्या पोटऱ्या झाकायचा आणि आज तो गुडघ्यावरच संपत होता. एका रात्रीत रेनकोट आटला, की बाप वाढला? आणि ते पळणं! बाबा पळायचे फेंगडे, दोन्ही पायांची आपसात भांडणं असल्यासारखे. हा गडी हरणासारखा पळत होता.

कव्हर अंथरून झालं. पिवळा रेनकोट कॅमेऱ्याकडे वळला. तोंड टोपीच्या सावलीत. त्यानं टोपी काढली, परत घातली.

उजव्या हातानं.

"शाब्बास!" आजोबांनी नसलेली टोपी काढली.

"ते बाबा नाहीत," ठिणगी म्हणाली.

"काहीतरीच!" आईनं मशीन सुरू केलं, शिवण नसलेल्या जागी.

"आई, मी दोन महिने दुसरीच्या तोंडून हजेरी लावलीय. हजेरी खरी कुठली आणि खोटी कुठली, मला शिकवू नकोस. तो त्यांचा मैदानावरचा दोस्त आहे, लंबू. खूणसुद्धा शिकवून ठेवलीय त्याला!"

"हळू बोल. मामंजी ऐकतायत."

"ऐकू देत की! बाबा कुठंयत?"

"कामावर."

ठिणगी तडक उठली. दारामागच्या खिळ्यावर बाबांचं ओळखपत्र लटकत होतं. फोटोसकट. त्याशिवाय मैदानाच्या फाटकातून मांजरसुद्धा आत सोडत नाहीत, हे बाबांनीच शंभरदा सांगितलेलं. तिनं ते आईच्या पुढ्यात, बाह्यांच्या ढिगावर आपटलं.

आई त्या फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते आले की त्यांनाच विचार. माझ्याकडून वदवून घेऊ नकोस, मी शब्द दिलाय."

म्हणजे हिला माहीत होतं! तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळजीच्या बायकोला निदान माहीत तरी नव्हतं. ठिणगीनं पुढची बटणं अशी ओढून लावली की दोन वेळा दोरा तुटला. महिनाभर न बोलणारा, खोटं चालणार नाही म्हणणारा माणूस स्वतः भाड्याचा बाप टीव्हीवर पाठवतो! तिनं मनातल्या मनात भांडण पाठ केलं. पहिलं वाक्य ठरवलं, दुसरं ठरवलं. तिसऱ्याशी मात्र सुई थांबली. कारण तिसरं होतं, 'परत आलात कशाला?' आणि ते आलेच नाहीत तर ते कुणाला म्हणायचं?

दुपारी मॅच रद्द झाली. आजोबा खुर्चीतच डुलकी घ्यायला लागले. पाऊस पडतच होता. तीन वाजून गेले तेव्हा जिन्यात पाऊल वाजलं, आणि दार उघडायला कोण धावलं, तर ठिणगीच.

बाबा छत्री झटकत उभे. चिखलाचा एक शिंतोडा नाही.

"दिसलो का गं?" त्यांनी हसत विचारलं. नेहमीचाच प्रश्न.

तिनं तोंड उघडलं. आणि तिचं लक्ष छत्रीच्या दांड्यावरच्या डाव्या हाताकडे गेलं. करंगळीपासून मनगटापर्यंतची कड निळी झाली होती. डावखुऱ्यांचं असंच होतं, लिहिता लिहिता हात ओल्या शाईवरून घासत जातो. शाळेत असताना तिचाही हात रोज असाच निळा असायचा. बाबाच तो साबणानं घासून द्यायचे.

तिनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली. हलवली. खुळखुळ. आत तिचाच जुना कंपास होता, झाकणावर तिनंच खरवडलेल्या ठिणग्यांसकट. खाली घडी घातलेलं हॉल तिकीट. इयत्ता दहावी, बाहेरून. फोटोत बाबा असे ताठ बसलेले, जणू कुणी त्यांना पकडून आणलंय.

"मुकादमी द्यायला आता दहावी पास लागतं," बाबा पुटपुटले. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "आज सुट्टी टाकली होती."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुला?" त्यांनी चप्पल काढायला खाली बघितलं, आणि मग खालीच बघत राहिले. "तुला मी केवढं बोललो. आणि मीच नापास झालो असतो तर? निकाल लागू दे म्हटलं, मग सांगू."

आईचं मशीन बंद होतं. आजोबा जागे झाले. "आलास का? आज काय पळालास रे! पंधरा वर्षांनी पाय सरळ पडले तुझे!"

बाबांनी ठिणगीकडे बघितलं. पाठ केलेलं भांडण तिच्या जिभेवर तयारच होतं, पहिल्या वाक्यापासून.

"गमबूट नवीन दिलेत त्यांना, आजोबा," ती म्हणाली.

मग बाबांना बाजूला घेऊन, दात-ओठ खात, हळू आवाजात: "लंबूला सांगा, टोपी डाव्या हातानं काढायची. आणि जरा फेंगडं पळ म्हणावं. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं."

"म्हणजे तू..."

"मी अजून चिडलेलीच आहे. महिनाभर बोलणार नाहीये तुमच्याशी." तिनं कंपास उघडला. पेन्सिलीचं टोक मोडलेलं. "पुढचा पेपर कधी?"

"परवा. भूमिती."

"आई, त्यांना म्हणावं, शार्पनर कुठं ठेवलाय ते सांगा."