उजव्या रांगेतली सात नंबरची काच

हळू, जरा हळू हो! कडेला धरा. मी काचेची पट्टी, इथले लोक मला स्लाइड म्हणतात. बोटाचा ठसा उमटला तरी माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं.

आदिलाबादच्या एका प्रयोगशाळेत माझ्यावर उटनूरकडच्या बकरीच्या यकृताचा काप चढवला. गुलाबी-जांभळा रंग दिला. कांद्याचा पापुद्राही जाड वाटेल एवढा तो पातळ. बकऱ्यांच्या यकृतात चपटे जंत होतात, त्यावरचं नवं औषध मैत्री नावाची मुलगी तपासत होती. आजोबा शेतमजूर, बाप मास्तर, आणि घरातली पहिली डॉक्टरेट तिची व्हायची होती. सहा बकऱ्यांना औषध दिलं, सहांना नाही. माझी बकरी औषधवाली.

कोणती काच कुठल्या बकरीची ते तपासणाऱ्याला कळू नये, म्हणून आमच्यावर नुसते आकडे लिहिले. मला सात. मैत्रीचे मार्गदर्शक बाबाराव सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "एक. थोडंच नुकसान," म्हणाले. अहो, थोडंच? माझ्यावरचा काप जखमांनी भरलेला! पण काचेचं कोण ऐकतं?

औषधवाल्या सहाही बऱ्या निघाल्या. मैत्री खूश झाली, मी मात्र धास्तावले. उद्या हे औषध गावोगाव गेलं आणि बकऱ्या मेल्या तर?

अहवालात एक रकाना होता, काचा कोणी आणि कशा मांडल्या. मैत्रीनं ट्रे लावणाऱ्या चंदाबाईला विचारलं.

"औषधाच्या उजव्या हाताला ठेवतो, मॅडम. यादी माह्याजवळच असते न. चांगलं ते उजवीकडं. सरायलेबी मालूम हाय."

"अवं माय!" मैत्री म्हणाली.

"काऊन जी, चुकलं का माह्यं?"

"तुमचं नाही, चंदाबाई. मीच आधी विचारलं नाही."

सरांच्या मनात कपट नव्हतं हो. उजवी रांग म्हणजे बरी, एवढं डोळ्यात बसलेलं.

मग मैत्रीनं आम्हाला नव्या आकड्यांनी सरमिसळ केलं आणि मंचेरियलच्या गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मला तीन गुण पडले. तीन म्हणजे भारी नुकसान! उजव्या रांगेतल्या आणखी दोघींचंही तसंच झालं.

सर भडकले. "पहिलेच आकडे पाठव. डिग्री अडकून राह्यली ना तुह्यी!"

मी तिच्या बोटांत होते. तिनं मला घट्ट दाबलं. आता ही मला फोडते की काय, असं वाटलं.

"सर, दोन्ही आकडे लिहितो आमी. कोणी तपासलं, किती वेळा, आणि पहिल्यांदा ट्रे कसा लावला होता, तेबी."

सरांनी अहवाल पुढे ओढून तो रकाना वाचला. मग म्हणाले, "पहिल्यांदा कोणी पाह्यलं, तिथं माह्यं नाव लिही."

डिग्री अजून लटकलेली आहे. मी जुना नंबर लावून लाकडी डब्यात पडून आहे, माझा रंग दरवर्षी फिका होतोय आणि त्याची मला फार भीती वाटते. कुणाला शंका असेल तर लवकर या. सात नंबर मागा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. फक्त माझी बकरी कुठल्या रांगेतली होती, ते आधी विचारू नका.